दोन वेढे कापल्याने गाडी रस्त्याला चिकटत नाही, भाऊ

आमच्या यवतमाळ-वणी पट्ट्यातल्या गाडीवेड्या पोरांच्या मोबाइलवर चारचाकीच्या चाकांवरच्या स्प्रिंगबद्दल एक मेसेज फिरतोय : "स्प्रिंग जितकी कडक, तितकी पकड जास्त. दोन वेढे कापा, नाहीतर पुढे ८ अन् मागे ६ किलोच्या टाका. शॉकअप कंपनीचेच चालतात." इथे किलो म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारं वजन.

कापल्याने स्प्रिंग कडक होते, हे खरं. कामाच्या सहा वेढ्यांतले दोन गेले की ती दीडपट कडक. पण गाडी खाली बसल्यामुळे दबायला जागाच उरत नाही, चाक वर येऊन रबरावर आदळतं. अन् जॅक लावला की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते.

आता पकड. समजा एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे. स्प्रिंग अडीच किलोची. चाक ३० मिलिमीटर खोल खड्ड्यात उतरलं, तर टायरवरचा भार ७५ किलोंनी घटतो. तीच स्प्रिंग पाच किलोची असेल तर १५० किलोंनी, म्हणजे निम्मा भार गेला! ऐन वळणावर हे झालं तर गाडी कशाला चिकटेल? आपल्याकडे काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, अन् वरचं डांबर लाटा घेतं. वणीकडे कोळशाचे ट्रक उरलंसुरलं पूर्ण करतात. समृद्धीच्या सिमेंटवर कडक गाडी मस्त पळते, मान्य. पण घर समृद्धीवर आहे काय?

"पण झुकत तर नाही ना!" नाही झुकत. टायर सपाट टेकतो, स्टिअरिंग लवकर ऐकतं, हा फायदा खराच. मात्र बाहेरच्या चाकांकडे एकूण किती वजन सरकणार, ते मुख्यतः वेग, वळण, गाडीच्या वजनाची उंची आणि चाकांतलं अंतर ठरवतं. स्प्रिंग ठरवते फक्त त्याची पुढे-मागे वाटणी. पुढचीच कडक केली की नाक वळणाबाहेर पळतं.

८ आणि ६ हे आकडे कुठल्या गाडीचे, ते मेसेजात नाहीच. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ७ च दबली, तर ८ किलोची स्प्रिंग चाकाशी जेमतेम ४ किलोची उरते, कारण ०.७ हे गुणोत्तर दोनदा लागतं (८ × ०.७ × ०.७). स्ट्रटवाल्या गाडीत, म्हणजे जिथे स्प्रिंग अन् शॉकअप एकत्र थेट चाकाशी उभे जोडलेले असतात, मात्र ती जवळपास पूर्ण लागते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उसना घेऊ नये.

शॉकअपचं तर सोडाच. स्प्रिंग दुप्पट केली की तिच्या उसळीवर तितकाच आवर ठेवायला शॉकअप सुमारे १.४ पट ताकदीचा लागतो. कंपनीचा ठेवला तर गतिरोधकानंतर गाडी शंकरपटातल्या छकड्यासारखी उड्या मारते.

मी माझ्या गाडीत पुढच्या अडीचच्या सव्वातीन केल्या, मागच्या त्याच हिशेबात, अन् जोडीला जुळणारे शॉकअप. माय अजूनही मागच्या सीटवर बसून दारव्ह्याला लग्नाला येते, फक्त खड्डा आला की "हळू रे" म्हणते.