टोक तेच, पोटात काय?
यूएसबी-सी हे टोक २०१४ साली आले, तेव्हा एकच केबल सगळीकडे चालेल असे सांगण्यात आले होते. आज माझ्या खणात त्याच टोकाच्या सात केबली पडल्या आहेत आणि त्यांतली नेमकी कोणती मॉनिटरवर चित्र दाखवील, हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. फोनच्या चार्जरसोबत आलेली जाडजूड केबल लॅपटॉप उत्तम चार्ज करते, मॉनिटर मात्र काळाठिक्कर राहतो. कारण चित्र वाहून नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या तिच्यात घातलेल्याच नसतात आणि तिचा डेटा २००० सालच्या यूएसबी २.० च्या सेकंदाला ४८० मेगाबिटांवरच अडकलेला असतो.

दुकानदाराला विचारावे, तर "सर, टाइप-सी आहे ना, सगळ्याला चालते" हे उत्तर ठरलेले असते. खोक्यावर ‘१०० वॅट’ ठळक छापलेले असते, डेटाच्या वेगाचा, म्हणजे गिगाबिटांचा आकडा मात्र भिंग घेऊनही सापडत नाही. नावांचा घोळ तर विचारूच नये: ५ गिगाबिटांच्या एकाच वेगाचे यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ असे तीनदा बारसे झाले. शेवटी ४० गिगाबिटांची थंडरबोल्ट ४ ही त्याच टोकाची वेगवान केबल घेतली, तर ती ०.८ मीटरची निघाली आणि टेबलाच्या मागून फिरवताना चार बोटे कमी पडली.

चालणाऱ्या एकमेव केबलीला मी काल लाल दोरा बांधला. संध्याकाळी मुलीने नेमकी तीच फोन चार्ज करायला नेली.