‘ब्रेकला ग्रीस लावून रीळ बिघडवलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

वडिलांचं मासेमारीचं जुनं स्टार ड्रॅगचं रीळ तुम्ही विश्वासाने आमच्याकडे दिलंत. (ड्रॅग म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोर आवरत सोडणारा ब्रेक; तो चांदणीच्या आकाराच्या चक्रीने, म्हणजे स्टारने, आवळतात.) ‘ब्रेकला ग्रीस फासलं, आधी स्टार आवळला की स्पूल जागचं हलत नसे, आता जोर लावला की सरकतं, शिवाय वेळही फार घेतला’, असं तुम्ही लिहिलंय. वडिलांच्या वस्तूत जीव गुंतलेला असतो, त्यामुळे तुमचा राग समजतो. पण रीळ बिघडलेलं नाही.

स्पूल, म्हणजे दोर गुंडाळलेली फिरकी, हलत नव्हतं, कारण ड्रॅग जाम झाला होता. मुख्य गिअरच्या वाटीत चकत्यांची चळत असते. धातूची, घर्षणाची, पुन्हा धातूची. तुमच्या रिळात खाऱ्या पाण्याने धातूच्या चकत्या गंजल्या होत्या, जुनं ग्रीस लाखेसारखं कडक झालं होतं आणि फायबरच्या चकत्या त्यात चिकटून बसल्या होत्या. असा ड्रॅग आधी अडतो आणि मग एकदम सुटतो. मोठा मासा पहिला हिसका देतो तेव्हा दोर तुटण्याचं कारण बरेचदा हेच अडणं असतं.

ड्रॅगने दोर एकसारख्या ओढीने सोडत राहायला हवा. 10 किलो ताकदीच्या दोराला ड्रॅग साधारण 2.5 ते 3.3 किलोवर लावतात. त्यात दोर जात जात स्पूलवरच्या वेढ्यांचा व्यास निम्मा झाला, की स्टारला हात न लावताही दोरावरचा ताण दुप्पट होतो! सुरुवातीलाच करकचून आवळलेल्या रिळात त्यासाठी जागाच उरत नाही.

आता ग्रीस. ग्रीसने जास्तीत जास्त पकड थोडी कमी होते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण आम्ही चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस वापरलेलं नाही. धातूच्या चकत्या काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट केल्या, फायबरच्या जागी कार्बनच्या घातल्या आणि त्यांना ड्रॅगसाठीच बनवलेल्या टेफ्लॉनच्या ग्रीसचा पातळ हात देऊन जादाचं पुसून काढलं. त्यामुळे ड्रॅग झटका न देता सुटतो आणि खारं पाणी धातूपर्यंत पोचत नाही. जुन्या मापाच्या चकत्या मिळवून बसवण्यात वेळ गेला. जवळपासच्या मापाची घालून देणं आम्हाला पटत नाही. (फेल्टची, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाची, चकती असती तर तिला वंगण लागलंच असतं; कोरडी फेल्ट अडखळते.) गंज सोडवायचा स्प्रे मात्र ड्रॅगमध्ये कधीच मारू नका.

रीळ धुताना स्टार आवळा, वरून गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, पुसा आणि ठेवताना स्टार सैल करा. आवळून ठेवलं तर चकत्या दबून राहतात.

एकदा रीळ घेऊन या. स्प्रिंगच्या वजनकाट्याला दोर बांधून तुमच्यासमोर ओढू. काटा सुरुवातीला उसळतो की एका आकड्यावर स्थिर राहतो, ते तुम्हीच बघा. तरीही कोरडा ड्रॅग हवा असेल, तर कार्बनच्या चकत्या कोरड्याही चालतात. ग्रीस काढून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही. जुन्या चकत्या रिळासोबतच्या पाकिटात ठेवल्या आहेत, त्याही पाहा.