इंकांचे 'सैतानी प्राणी': यादी खरी, अर्थ पदरचा

"इंका लोक साप, बेडूक, कोल्हा, घुबड, कोळी आणि काळी मांजर यांना सैतानी मानत," असा मजकूर फिरतो आहे. यादीतले बरेच प्राणी खरे आहेत. स्पॅनिशांनी जिंकलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या इंका साम्राज्याची राजधानी कुस्को, तिथला स्पॅनिश अधिकारी पोलो दे ओंदेगार्दो याने गोळा केलेल्या अशा समजुती लिमात १५८५ मध्ये छापल्या गेल्या, त्या पाद्र्यांसाठी, स्थानिकांचे 'पाखंड' ओळखता यावे म्हणून. हे प्राणी दिसले की काही वाईट घडणार असे लोक मानत, एवढे त्यातून कळते. पण 'सैतानी' कुठून आले?

साप घ्या. वाइना कापाक राजाच्या कुस्कोतल्या वाड्याचे नाव आमारुकांचा, म्हणजे नागाचा वाडा. १५७२ मध्ये स्पॅनिशांनी शिरच्छेद केलेला शेवटचा इंका राजा तुपाक आमारू, त्याच्याही नावात नागच. अँडीज पर्वतातले लोक आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांत लामासोबत (हा तिथला उंटाच्या कुळातला पाळीव प्राणी) साप, बेडूक आणि कोल्हाही पाहतात.

मग अपशकुन कशात? इंकांच्या अमलाखालच्या, लिमाजवळच्या वारोचिरी डोंगराळ भागातल्या कथांचे केचुआ या स्थानिक भाषेतले साधारण १६०८ चे हस्तलिखित हे नेमके दाखवते. एक श्रीमंत माणूस आजारी पडतो, कारण कुणालाच कळत नाही. दोन कोल्हे वाटेत गप्पा मारतात आणि वात्याकुरी हा गरीब नायक पडल्या पडल्या ऐकतो: बायकोने व्यभिचार केला, म्हणून घरावर सापांची जोडी आणि जात्याच्या दगडाखाली दोन तोंडांचा बेडूक येऊन बसला आहे. घर उकलून साप मारल्यावर माणूस बरा होतो. म्हणजे घरात शिरलेला साप हा आत काहीतरी बिघडल्याचा पुरावा. आणि हे उघड करणारा कोण, तर कोल्हा! त्याच हस्तलिखितात कुनिराया विराकोचा देव वाईट बातमी दिली म्हणून कोल्ह्याला शाप देतो, हेही खरे. लोक तुझा पाठलाग करतील, असा.

कोळी तर चक्क भविष्य पाहायला पाळत. झाकलेल्या मडक्यात मोठा कोळी ठेवायचा, प्रश्न आला की झाकण काढायचे. पाय दुमडलेले दिसले तर अपशकुन. कौल पायांवरून, कोळ्यावरून नव्हे.

घुबडाचे ओरडणे मरणाची सूचना मानत, तिथे मजकूर बरोबर आहे.

काळ्या मांजरीचा मुद्दा मात्र निकालातच निघतो. पाळीव मांजर दक्षिण अमेरिकेत आली ती युरोपीय लोकांबरोबर. बरे, काळा रंगही अशुभ नव्हता. पाऊस लांबला की काळे लामा चौकात उपाशी बांधत, त्यांच्या ओरडण्याने पाऊस यावा म्हणून. लढाईआधीही काळे लामा काही दिवस उपाशी ठेवून बळी देत: यांचे काळीज खचले तसे शत्रूचे खचो. नंतर हृदयामागचे मांस तपासत. उपासाने ते आटलेले नसेल, तर तो अपशकुन.