आठवीत जर्मन घेतलं म्हणून पोराचं वाटोळं होत नाही

आठवीला संस्कृत घ्यायचं का जर्मन का फ्रेंच, हे ठरवायची वेळ आली की शाळा-सोसायटी-नातेवाईक सगळ्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड फिरायला लागतो. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बाराव्या वर्षी मेंदूतली भाषेची खिडकी बंद होते, त्यामुळे तेरा-चौदाव्या वर्षी शून्यापासून परकी भाषा सुरू करणं म्हणजे वेळ वाया. पुरावा काय, तर तीन वर्षं शिकून दहावी पास झालेल्या पोराला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. उच्चार तर जन्मात येत नाहीत. मराठी, हिंदी, इंग्रजीच्या डोक्यावर हे चौथं ओझं. आणि फोन सगळं ट्रान्सलेट करून देतोय तर शिकायचंच कशाला. खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि "प्रत्येक पालकाने वाचावे".

मी पुण्यात आठवी ते दहावीच्या पोरांना जर्मन शिकवते, तेव्हा हिचं दुकान चालायला हवं म्हणून बोलतेय असं म्हणायचं तर म्हणा. पण यातला एकेक मुद्दा जरा बघू.

पहिलं ते खिडकीचं. हे आलं कुठून? 1959 मध्ये पेनफिल्ड नावाच्या कॅनडातल्या मेंदूच्या सर्जनने आपल्या सहकाऱ्याबरोबरच्या पुस्तकात लिहिलं की साधारण नऊ वर्षांनंतर मेंदू भाषेच्या बाबतीत ताठर होत जातो. मग 1967 मध्ये लेनेबर्ग नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने दोन वर्षांपासून वयात येईपर्यंतचा काळ महत्त्वाचा असं मांडलं. पण लेनेबर्गचा मुख्य भर पहिल्या भाषेवर होता, म्हणजे मूल मुळात बोलायला कसं शिकतं आणि मेंदूला इजा झालेल्या मुलांची गेलेली वाचा परत कशी येते यावर. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी असं सगळं डोक्यात आधीच बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीने जर्मन घ्यावं का, हा त्याचा प्रश्न नव्हता. फॉरवर्डवाल्याने तो तिथे आणून चिकटवलाय.

आणि परक्या भाषेवर जेव्हा खरंच मोजमाप झालं तेव्हा काय दिसलं? 1978 मध्ये नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तिथे नव्याने राहायला आलेली इंग्रजी बोलणारी माणसं डच कशी शिकतात यावर, अगदी तीन वर्षांच्या पिल्लांपासून मोठ्यांपर्यंत. सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात वेगाने पुढे गेली ती बारा ते पंधराची पोरं, आणि सगळ्यात मागे कोण, तर तीन ते पाचची. लहानग्यांना जमत नाही असं नाही, पण त्यांना वेळ लागतो, दिवसभर ती भाषा कानावर पडावी लागते. आठवड्याला चार तासिकांत ते होत नाही. झ्युरिकमध्ये फेनिंगर आणि सिंगलटन या भाषा-संशोधकांनी आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली मुलं आणि तेराव्या वर्षी सुरू केलेली मुलं शेजारी ठेवून बघितली, तर उशिरा आलेल्यांनी बऱ्याच बाबतीत सहा महिन्यांत पाच वर्षांची आघाडी भरून काढली. बार्सिलोनातही तेच, सारखे तास दिले की मोठी मुलं पुढे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते, कारण कोणीतरी कमेंटमध्ये आणणारच. 2018 मध्ये हार्टशॉर्न, टेनेनबाउम आणि पिंकर या संशोधकांनी साधारण 6 लाख 70 हजार लोकांची इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन चाचणी घेतली. त्यात निघालं की अगदी जन्मजात बोलणाऱ्यासारखं व्हायचं तर दहाच्या आसपास सुरुवात झालेली बरी. पण त्याच पेपरात हेही आहे की व्याकरण उचलायची क्षमता जवळजवळ साडेसतरा वर्षांपर्यंत टिकून असते. या आकड्यावर नंतर वादही झाले, तरी "बाराव्या वर्षी बंद" याला आधार त्यातही मिळत नाही. आणि आठवीतल्या कुठल्या पोराला जर्मनीत जाऊन जन्मजात जर्मन म्हणून खपायचंय हो?

दुसरा मुद्दा, तीन वर्षं शिकूनही बोलता येत नाही. हे खरंय. मला रोज दिसतं. पण दोष वयाला द्यायच्या आधी जरा गणित करा. आठवड्याला चार तासिका धरा, 35 मिनिटांच्या, वर्षात 35 आठवडे. झाल्या 140 तासिका, म्हणजे 82 तासांच्या आत. ग्योथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्सम्युलर भवन, 45 मिनिटांची एक तासिका धरतं, त्या मापाने वर्षाच्या 109 तासिका आणि तीन वर्षांच्या 327. भाषा किती येते याच्या युरोपातल्या पायऱ्या आहेत, ए1 सगळ्यात खालची, मग ए2, मग बी1. त्यांच्याच हिशोबाने ए2 ला 200 ते 350 तासिका लागतात आणि बी1 ला 350 ते 650. म्हणजे एकही तास बुडला नाही तरी पोरगं दहावीच्या शेवटी ए2 च्या आसपास असणार. त्यातून गॅदरिंग गेलं, स्पोर्ट्स डे गेला, युनिट टेस्ट गेल्या, जर्मनच्या मिस रजेवर असताना गणिताच्या सरांनी तास ढापले ते गेले. ए2 म्हणजे काय, तर दुकानात भाव विचारणं, आपल्या घरच्यांबद्दल चार वाक्यं, स्टेशनवर कुठल्या प्लॅटफॉर्मला जायचं ते कळणं. गप्पा मारणं त्यात येतच नाही! 80 तासांत कोणी पोहायला शिकलं आणि त्याला इंग्लिश खाडी पोहता आली नाही तर आपण त्याचं वय काढत नाही ना.

शिवाय वर्ग साठ पोरांचा. तोंडी बोलायची पाळी आठवड्यातून एकदा आली तर नशीब. मग येणार काय, लिहिता येतं, रिकाम्या जागा भरता येतात, तोंड उघडत नाही.

उच्चारांचं. हेन्री किसिंजर 1938 मध्ये जर्मनीतून पळून अमेरिकेत पोचला तेव्हा 15 वर्षांचा होता, त्याचं इंग्रजी मरेपर्यंत जर्मन वळणाचंच राहिलं, आणि त्याच इंग्रजीत तो अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री झाला (माणूस कसा होता तो वेगळा विषय). लहेजा राहतो, मान्य. पण समजेल इतका स्वच्छ उच्चार चौदाव्या वर्षी नक्की बसवता येतो, फक्त कोणीतरी तोंड कसं करायचं ते सांगावं लागतं. जर्मनमधला तो "यू"वर दोन टिंबांचा स्वर घ्या, पोरं त्याला सरळ "यू" म्हणतात. मी सांगते, "ई" म्हणा, लांब, आता जीभ जागची हलवू नका आणि फक्त ओठ "ऊ"सारखे गोल करा. सगळा वर्ग चोची काढून बसतो, हसून हसून मरतात, पण त्या तासाला निम्म्या जणांना येतो. आणि त्यांचा "त्स" तर आपल्याकडे घरचाच आहे, चाकातला च, हिंदीवाल्या मुलांना त्यासाठी घाम फुटतो.

चौथं ओझं म्हणणाऱ्यांची मला सगळ्यात गंमत वाटते, कारण मराठी मुलाला जर्मनमधल्या निम्म्या कटकटी आधीच पाठ असतात. तीन लिंगं? आपल्याकडे तो दिवा, ती वाट, ते घर. टेबलाला लिंग कशाला हवं असं फक्त इंग्रजीच येणारा विचारतो, आपलं पोरगं विचारतं "मिस, कुठलं?" आकडे घ्या. जर्मनमध्ये पंचविसाला पाच आधी आणि वीस नंतर, इंग्रजी बोलणारी माणसं फोन नंबर लिहिताना हमखास गडबडतात, आपण पंचवीस-सव्वीस-सत्तावीस असंच म्हणत आलोय. आणि "वाइल इश म्यूडं बिन" याची वाक्यरचना बघा, कारण मी दमलेला आहे, शब्दाखाली शब्द बसतो, क्रियापद शेवटी. हे फळ्यावर एकाखाली एक लिहिलं की मागच्या बाकावरचा पण मान वर करतो. अडचण एवढीच की बहुतेक शाळांत जर्मन इंग्रजीतून शिकवतात, मग ही सोय कोणाला दिसतच नाही. यात मराठी कच्ची कुठे राहते? उलट विभक्ती म्हणजे काय हे कित्येकांना जर्मनच्या तासाला पहिल्यांदा कळतं.

फोन ट्रान्सलेट करतो, हो करतो. मेनूकार्डापुरतं झकास. पण 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यासाठी नर्सिंगवाली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी विशी-पंचविशीतली माणसं जर्मनच्या वर्गात शून्यापासून बसली. त्यांना परीक्षा फोनशिवायच द्यायची असते. आणि बारालाच खिडकी बंद होत असेल तर ही सगळी माणसं तिथे काय करत बसलीयेत?

राहिलं ते "मुलं फक्त मार्कांसाठी घेतात". हा मुद्दा फॉरवर्डमध्ये नसतो, त्याच्या खालच्या कमेंटमध्ये असतो, आणि खरंतर सगळ्यात दमदार तोच आहे. घेतात. पत्राचा साचा पाठ, निबंध पाठ, पेपर झाला की विसरले. पण पेपर तसा काढला तर पोरं तसंच शिकणार, संस्कृतचं काय वेगळं होतं आपल्या वेळी? तेव्हा फॉर्मवर टिक करायच्या आधी वयाची चिंता सोडा आणि शाळेला हे विचारा: आठवड्याला तासिका किती, वर्गात मुलं किती, तोंडी परीक्षा खरोखर घेता का नुसते मार्क टाकता, आणि मॅक्सम्युलरच्या शाळकरी मुलांसाठीच्या ए1, ए2 परीक्षांना कोणी बसतं का. उत्तरं गुळमुळीत आली तर खुशाल दुसरा विषय घ्या, मी पण तेच सांगेन.