सोड्याने कॅन्सर मरत नाही

‘शरीर अल्कधर्मी केलं की कॅन्सर मरतो, ओटो वॉरबुर्गना १९३१चं नोबेल याच शोधासाठी मिळालं, म्हणून रोज खायचा सोडा घ्या’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. जर्मन शास्त्रज्ञ वॉरबुर्गना नोबेल मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी होतं. रक्ताचा पीएच (आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारं माप) फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्येच धरून ठेवतात. सोड्याने बदलते ती लघवी. लघवीत बुडवलेल्या पीएच-पट्टीचा रंग पाहून माणूस उगाच खूश होतो. गाठीभोवती आम्लता असते खरी, पण ती गाठीच्याच पेशी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवून तयार करतात. सोडा अति झाला तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका, उपचार चालू असलेल्यांना तर मुळीच नाही.