दया येणार, पाणी नाही

‘तारक मेहता’ मालिकेतली जेठालालची बायको दया परत येतेय, ही बातमी पक्यानं मोबाइलवरून वाचून दाखवली. कट्ट्यावर कुणी मान वर केली नाही. २०१७पासून ती येतेच आहे.

“बंद करा एकदाचं ते ‘तारक मेहता’,” प्रोफेसर म्हणाला. (प्रोफेसर कुठल्याही कॉलेजात शिकवत नाही. कट्ट्यावर शिकवतो. शिवाय आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी.) “२००८पासून तेच! जेठालाल दचकला की कॅमेरा तीनदा तोंडावर, मागे ढँटढँग. आशयाचा ऱ्हास आहे हा. ‘साराभाई’ बघा. काय संवाद, काय सूक्ष्म विनोद!”

“साराभाई भारीच होतं,” पक्या म्हणाला. “२००४ला आलं, २००६ला गुंडाळलं. आता जो भेटतो तो म्हणतो, आम्ही तेव्हापासून बघायचो. मग बंद का पडलं? बघणारे सगळे तुझ्यासारखे सूक्ष्म होते का?”

“आणि मराठीतले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’? आपले आबा?” प्रोफेसर म्हणाला.

“टिपरे आठवड्यातून एकदा यायचे. असा पाहुणा आला की चिवडा-लाडू निघतात. रोज साडेआठला येतो त्याला पोळी-भाजीच. तरी तो जेवून जातो ना!”

इथे बाबल्यानं मनसे काढली. २०२०मध्ये मालिकेत जेठालालचे वडील चंपकचाचा मुंबईची भाषा हिंदी म्हणाले, ते प्रकरण. निर्माते असित मोदींनी माफी मागितली आणि मालिका पुढे चालू. प्रोफेसरला जोर चढला. “बघा! गोकुळधाम गोरेगावात आणि मराठी घर एक. तोही भिडे! शिकवण्या घेणारा, पैशापैशाला जपणारा, आणि ती खटारा स्कूटर…”

“काय रे नाव तिचं?” बाबल्यानं सहज विचारलं.

“सखाराम.”

पुढचा मिनिटभर कुणालाच बोलता येईना. चहावाल्याच्या पोऱ्याच्या हातातले ग्लाससुद्धा हिंदकळले.

“बायको लावते. कानावर पडतं,” प्रोफेसर म्हणाला.

“अरे तेच तर!” पक्या म्हणाला. “बघत कोण नाही, पडतं सगळ्यांच्या कानावर. आमच्याकडे बातम्या लावल्या तर बातम्यांतलेच ओरडतात. मराठी मालिका लावली तर आई विचारते, ही त्याची कितवी? हे लावलं की बाबा, आई, पोरगा, तिघं एका ताटाच्या अंतरावर बसतात. बाबांना धड ऐकू येत नाही, पण ढँटढँग झालं की त्यांना कळतं, आता हसायचं. दोन दिवस चुकलं तरी पोपटलालचं लग्न झालेलं नसतं.”

मग कोण कोण गेलं याची उजळणी झाली. शैलेश लोढा गेले, तारक बदलला. टप्पू बदलला, सोनू बदलली. डॉ. हाथी करणारे कवी कुमार आझाद २०१८ला वारले, नट्टूकाका करणारे घनश्याम नायक २०२१ला. नट्टूकाकांचं नाव निघाल्यावर प्रोफेसरही थोडा गप्प झाला. माझं मत विचाराल तर मालिका आता खरंच पाणचट झालीय. पण आमच्याकडेही साडेआठला रिमोट कुणी मागत नाही.

“टिकणं म्हणजे दर्जा नव्हे,” प्रोफेसर पुन्हा सुरू.

“बरोबर. दर्जा म्हणजे तू गणपतीत बसवलेली एकांकिका. मध्यंतरानंतर मंडपात आम्ही आणि मांडववाला.”

“एकांकिकेला मध्यंतर नसतं!”

“लोकांनी घेतलं ना पण.”

प्रोफेसर उठला, चप्पल शोधायला लागला. बाबल्या मनापासून समजूत घालायला गेला, “बस रे. भिडे पण सेक्रेटरीच आहे, त्याला पण सगळे छळतात.”

“त्याची याची बरोबरी करू नका,” पक्या म्हणाला. “भिडे रोज फळ्यावर सुविचार लिहितो. हा लिहितो, ‘उद्या पाणी येणार नाही.’”

“वर्गणी थकलीय तुझी!” प्रोफेसर ओरडला. “मोटर काय माझ्या खिशातून दुरुस्त करू?”

“देतो ना. बाबल्याच्या लग्नात देतो.”

“म्हणजे बुडाली,” असं म्हणून प्रोफेसर स्वतःच फिस्सकन हसला आणि पुन्हा खाली बसला. बाबल्यानं रागारागानं सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.