लूप मेला म्हणे!

रविवारी सकाळी राजेंद्र नगरला ताईकडे पोहे खायला गेले, तर भाची लॅपटॉप पुढ्यात घेऊन रडकुंडीला आलेली. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळाला एक छोटं अ‍ॅप करून द्यायचं तिनं कबूल केलंय. आठवड्यापूर्वी ते नीट चालत होतं. "मावशी, मी फक्त लूप काढून लॅम्डा टाकले गं," म्हणाली आणि फोनवर फिरत आलेला मेसेज माझ्यापुढे धरला.

लूप म्हणजे यादीतल्या एकेका घटकासाठी तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी कोडातली रचना. लॅम्डा म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं, बिननावाचं छोटं फंक्शन. मेसेज थोडक्यात असा: फॉर लूप जुनाट झाला, लॅम्डा हे नवं तंत्र. लॅम्डा दहापट वेगवान, शिवाय प्रोसेसरच्या सगळ्या कोरवर आपोआप चालतो. अ‍ॅमेझॉनचा कारभारही लॅम्डावरच आहे. तेव्हा आजच सगळे लूप काढून फॉरईच आणि लॅम्डा टाका, बाकी काही बदलावं लागत नाही. इंटरव्ह्यूत लूप लिहिलात तर घरी जाल.

'बाकी काही बदलावं लागत नाही' हे आधी घेते, कारण या पाच शब्दांनी पोरीचा आठवडा खाल्ला.

तिचा जावास्क्रिप्टमधला मूळ कोड साधा होता. वर्गणीदारांची यादी एका अ‍ॅरेमध्ये. लूप एक नाव घ्यायचा, सर्व्हरला पावती बनवायला सांगायचा, अवेट लावून उत्तराची वाट बघायचा, रक्कम बेरजेत घालायचा आणि मगच पुढच्या नावाकडे वळायचा. सर्व्हर शेवटचा पावती क्रमांक बघून त्यात एक मिळवतो. मेसेज वाचून तिनं लूपच्या जागी फॉरईच टाकलं, म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकासाठी दिलेलं फंक्शन चालवणारी सोय, आणि आत असिंक, म्हणजे अवेट लावता येणारा, लॅम्डा. चालवल्याबरोबर पडद्यावर 'एकूण जमा: ० रुपये'. पावत्या निघाल्या, पण एकाच क्रमांकाच्या सात! नशीब, चाचणीची नावं होती. हेच मंडळाच्या खजिनदारांपुढे झालं असतं तर विसर्जनापर्यंत हिशेब लागला नसता.

झालं असं की फॉरईच कुणासाठी थांबत नाही. आतला लॅम्डा अवेटपाशी थांबला की 'काम झालं की कळवतो' असं सांगणारं प्रॉमिस मागे पाठवतो. फॉरईच त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि पुढच्या नावासाठी लॅम्डाला हाक मारतं. सगळ्या विनंत्या सर्व्हरच्या दारात एकदम जाऊन धडकतात, कित्येकींना शेवटचा क्रमांक एकच दिसतो, आणि बेरीज छापणारी ओळ पहिली रक्कम यायच्या आत उरकलेली असते. हे माझ्या मनाचं नाही. जावास्क्रिप्टवाले ज्या एमडीएन या माहितीच्या वेबसाइटवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, तिथे फॉरईचच्या पानावरच लिहिलंय की याला सिंक्रोनस (मध्ये न थांबता लगेच संपणारं) फंक्शन लागतं, हे प्रॉमिससाठी थांबत नाही. त्याच पानावर पुढे असंही आहे की एरर फेकल्याशिवाय फॉरईच मध्येच थांबवता येत नाही, आणि तसं थांबवायची गरज असेल तर हे हत्यारच चुकीचं.

या दुसऱ्या वाक्यानंही तिला गाठलंच होतं. फोन नंबरावरून वर्गणीदार शोधायचं तिचं फंक्शन आता नेहमी अनडिफाइन्ड, म्हणजे 'काहीच नाही', परत द्यायचं. लूपमधला रिटर्न अख्ख्या फंक्शनमधून बाहेर पडायचा. लॅम्डातला रिटर्न फक्त लॅम्डातून बाहेर पडतो, बाहेरच्या फंक्शनला त्याचा पत्ताही नसतो. शोधायला फाइंड नावाची वेगळी सोय आहे की! पण मेसेजवाल्यांना फॉरईचपलीकडे काही ठाऊक असावं असं दिसत नाही.

आता दहापट वेग. कुठल्या भाषेत, कशावर मोजला, काही नाही. लॅम्डा म्हणजे नुसती सूचना. पोहेवाल्यानं पोऱ्याला "प्रत्येक प्लेटवर जिरावन मसाला टाक" असं एकदाच सांगितलं, तरी पोऱ्याचा हात पन्नास प्लेटांवरून फिरतोच. प्रत्येक घटक बदलून देणारं मॅप काय, हवे तेवढेच घटक गाळून देणारं फिल्टर काय, आत घटकाघटकावरून फिरावंच लागतं. उलट पायथनमध्ये मॅपला लॅम्डा दिला की दर घटकामागे एका फंक्शन कॉलचा खर्च वाढतो. आणि अख्ख्या यादीचं एकच उत्तर बनवणाऱ्या रिड्यूसमध्ये दर फेरीला जुना अ‍ॅरे पसरून नवा बनवायची जी फॅशन आलीय, तिच्यात १०,००० घटकांसाठी जवळपास ५ कोटी नकला होतात. साधा लूप तेच काम १०,००० वेळा पुश करून, म्हणजे शेवटी एकेक घटक जोडून, संपवतो.

सगळ्या कोरवर आपोआप? जावात लॅम्डा २०१४ साली आठव्या आवृत्तीबरोबर आले, पण तिथेही साधा स्ट्रीम, म्हणजे घटक एकामागून एक लॅम्डाकडे सरकवणारी सोय, एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच धाग्यावर) चालतो. समांतर हवं असेल तर पॅरलल स्ट्रीम स्वतः मागावा लागतो, आणि मग सामायिक यादीत घटक घालताना होणारे घोळही आपणच निस्तरायचे.

अ‍ॅमेझॉनचं वाचून मात्र मी खरंच हसले. एडब्ल्यूएस लॅम्डा ही क्लाउड सेवा आहे. सर्व्हर न सांभाळता तुमचा कोड चालवून देते. त्या कोडात वाटेल तेवढे लूप लिहा. आमच्या गल्लीत तीन कुलकर्णी आहेत, म्हणून एकाचं लाइट बिल दुसरा भरत नाही.

आणि नवं तंत्र? गणितज्ञ अलोन्झो चर्च यांनी लॅम्डा कॅल्क्युलस, म्हणजे लॅम्डाचं मूळ असलेलं फंक्शनांचं गणित, मांडलं १९३० च्या दशकात. फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचा डू लूप आला १९५७ मध्ये. म्हातारा कोण ते तुम्हीच ठरवा. पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम तर २००५ मध्ये भाषेतून लॅम्डा काढूनच टाकायच्या विचारात होते. शेवटी तो राहिला.

इंटरव्ह्यूबद्दल एवढंच सांगते: मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसते. लूप लिहिला म्हणून मी आजवर कुणाला परत पाठवलं नाही.

बरं, एक गोष्ट कबूल करते, जिवावर येतंय तरी. अ‍ॅरेवरून फिरता फिरता त्यातलेच घटक काढायला गेलं की लूप मधलेच काही घटक गाळून पुढे जातो. अटीच्या जागी 'पेक्षा कमी' ऐवजी 'पेक्षा कमी किंवा तितकंच' लिहून अ‍ॅरेच्या एक घर पलीकडे मीही गेलेय, आणि नवशिकी असताना नव्हे. तिथे फिल्टरला एका ओळीचा लॅम्डा दिला की भानगडच मिटते. रकमेप्रमाणे यादी लावायलाही लॅम्डासारखं सुटसुटीत काही नाही. मेसेजात एवढंच लिहिलं असतं तर मी पोहे गरम असतानाच खाल्ले असते.

ताईनं ते दुसऱ्यांदा गरम केले तोवर लूप अवेटसकट जागेवर आला होता. चाचणीच्या ४० नावांच्या पावत्या १ ते ४० ओळीनं निघाल्या, खाली बेरीजही जुळली. वर्गणी न दिलेल्यांची यादी वेगळी काढणारा फिल्टरमधला लॅम्डा भाचीनं तसाच ठेवला. तो बरोबर होता.